येवला ते नागपूर : 21 वर्षांचा हिशोब

दरवर्षी 13 ऑक्टोबरला येवल्याच्या मुक्तिभूमीवर जाण्याचा आमचा शिरस्ता आहे. नाशिकहून पहाटे निघायचे, निफाड-विंचूर मार्गे येवला गाठायचे, त्रिसरण-पंचशील घ्यायचे, पुस्तकांच्या स्टॉलवर तासभर घालवायचा आणि दुपारी उन्हातून परतायचे. मागे एकदा परतीच्या वाटेवर जीपमध्ये एका शिकल्या-सवरल्या, सरकारी नोकरीतल्या बांधवाशी वाद झाला. गृहस्थ चळवळीतलेच. वर्गणी देणारे, जयंतीला राबणारे. पण घरात देव्हारा अजून तसाच, मुलाच्या लग्नात मंगल परिणय बौद्ध पद्धतीने लावला तरी आदल्या रात्री देवक बसवलेले. हे कधी थांबणार, असे मी विचारले. आई आहे तोवर राहू द्या, हळूहळू होईल, असे ते म्हणाले. आणि मग त्यांनी हुकमाचे पान टाकले. येवल्याला घोषणा करून नागपूरला दीक्षा घ्यायला खुद्द बाबासाहेबांना 21 वर्षे लागली, मग आमच्यासारख्या सामान्य माणसाला का घाई करता, असा त्यांचा सवाल होता. जीपमधले सगळे हसले. मला मात्र त्या वेळी उत्तर सुचले नाही.

तो सवाल वरवरचा नाही. आपल्या समाजात आज असंख्य लोक ह्याच उत्तरावर जगत आहेत. जातीचा दाखला काढायचा आहे, उद्या काढू. पडताळणीचा प्रस्ताव टाकायचा आहे, मुलाचा प्रवेश जवळ आला की बघू. बापाच्या नावावरची जमीन वारसांच्या नावे करायची आहे, पुढच्या वर्षी. विहाराच्या ट्रस्टचे हिशोब धर्मादाय कार्यालयात द्यायचे आहेत, जयंती होऊ द्या. आणि ह्या प्रत्येक उद्याला आपल्याजवळ एक सुंदर कारण असते. त्यात बाबासाहेबांच्याच आयुष्याचे कारण सापडले म्हणजे तर विचारायलाच नको!

मी व्यवसायाने वकील. विलंब हा आमच्या रोजच्या व्यवहारातला शब्द आहे. मुदत टळून गेली की विलंब माफीचा अर्ज करावा लागतो, आणि कोर्ट त्या अर्जात किती दिवस उशीर झाला एवढेच पाहत नाही, तर त्या दिवसांत तुम्ही काय करत होता हे विचारते. दोन महिन्यांचा उशीर माफ होतो आणि दहा दिवसांचा होत नाही, असे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. सबळ कारण असेल तर उशीर हा दोष राहत नाही. तेव्हा हीच कसोटी बाबासाहेबांच्या आयुष्याला लावून पाहू. भक्तिभाव क्षणभर बाजूला ठेवू आणि तारखा समोर मांडू.

बाबासाहेब जन्मतःच वेळेचे पक्के होते असे समजण्याचे कारण नाही. सुभेदार रामजी सकपाळ यांच्या कडक शिस्तीत त्यांचे बालपण गेले. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच चूल, त्यातच जाते, त्यातच सगळे कुटुंब. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचा आणि सुभेदार त्याला रात्री दोन वाजता उठवायचे, कारण त्या घरात शांतता मिळण्याची तेवढीच वेळ होती. कंदिलाच्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास चालायचा. 1907 साली ते मॅट्रिक झाले, सत्कार झाला, आणि केळुस्कर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांच्या हाती ठेवले. ही तारीख वाचकांनी लक्षात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

पण ही शिस्त बापाची होती, अजून मुलाची झाली नव्हती. 2 फेब्रुवारी 1913 रोजी सुभेदार गेले. त्याच वर्षी सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला पोहोचले. पहाटे उठवणारे कोणी नाही, अस्पृश्य म्हणून हिणवणारे कोणी नाही, बरोबरीने जेवायला, खेळायला, फिरायला मित्र आहेत. बावीस वर्षांच्या तरुणाला आणखी काय हवे? चरित्रकारांनी प्रामाणिकपणे नोंदवून ठेवले आहे की पहिले काही महिने असेच मौजेत गेले, अभ्यास मागे पडला. मग एका रात्री त्यांना घर आठवले, आपल्याला इथे कशासाठी पाठवले आहे ते आठवले, आणि त्यांनी स्वतःलाच जाब विचारला. आपल्या जयंतीच्या भाषणांतून हा प्रसंग सहसा गाळला जातो. दिवसाचे अठरा तास अभ्यास, एवढेच मुलांना सांगितले जाते आणि मुलांना वाटते की हा माणूस वेगळ्याच मातीचा, आपल्याला ते जमायचे नाही. आधी वेळ वाया गेला, मग त्यांनी सावरले, हे सांगितले तर मुलांना त्यातून जास्त बळ मिळेल असे मला वाटते.

सावरल्यानंतर मात्र त्यांनी जे केले त्याला तोड नाही. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, म्हणजे मुदत ठरलेली होती. 1915 साली एम.ए., 9 मे 1916 रोजी भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध, त्याच वर्षी पीएच.डी.चा प्रबंध पूर्ण. पदवीला जेवढे विषय लागतात त्याच्या कितीतरी पट जास्त वर्गांत ते बसले. उपाशीपोटी पैसे वाचवून जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार पुस्तके घेतली. ऑक्टोबर 1916 मध्ये लंडनला गेले, तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन दोन्हीकडे नाव घातले. आणि 1917 साली शिष्यवृत्ती संपली. परत या, असा बडोद्याहून आदेश आला.

इथून पुढची तीन वर्षे अभ्यासण्यासारखी आहेत. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत दिली होती. म्हणजे पुन्हा एक मुदत. हाती पैसा नाही. परत येताना सामानाचे जहाज युद्धात बुडाले, त्यात पुस्तके गेली. बडोद्यात राहायला घर मिळेना, पारशाच्या धर्मशाळेतून लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने हाकलून दिले. ह्या परिस्थितीत किती जणांनी लंडन विसरून टाकले असते! मिळालेली नोकरी धरून राहिले असते, आणि कोणी त्यांना दोषही दिला नसता. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकाची नोकरी धरली, पगार 450 रुपये. त्या काळी हा पगार साहेबी थाटात राहण्यासारखा होता. ते परळच्या चाळीतच राहिले, ठरावीक रक्कम रमाईच्या हाती द्यायची आणि बाकी बाजूला टाकायची. रमाईने त्या तुटपुंज्या पैशात घर कसे चालवले हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आपण बाबासाहेबांच्या वेळेचे गोडवे गातो, पण ती वेळ रमाईने आपल्या पोटाला चिमटा घेऊन त्यांना विकत घेऊन दिली होती, हे पुरुष कार्यकर्त्यांनी तरी विसरू नये. मार्च 1920 मध्ये नोकरी सोडली. त्याच काळात 31 जानेवारी 1920 ला मूकनायक सुरू झाले, मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, राजर्षी शाहू महाराज पाठीशी उभे राहिले, नवल भथेनांनी कर्ज दिले. आणि जुलैमध्ये स्वारी लंडनला रवाना. मुदत संपायला अजून एक वर्ष बाकी होते.

लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडण्याआधी हजर आणि पहारेकऱ्याने उठवल्यावर बाहेर, हा क्रम होता. 1921 मध्ये एम.एस्सी., 1922 मध्ये बॅरिस्टर, त्याच वर्षी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध सादर. परीक्षकांनी तो तसाच स्वीकारला नाही. साम्राज्यावरची टीका त्यांना झोंबली, पुन्हा लिहा म्हणाले. पैसे संपले होते. एप्रिल 1923 मध्ये ते मुंबईला आले, घरखर्चाची चिंता, सनद घ्यायला पैसे नाहीत, आणि अशा अवस्थेत काही महिन्यांत सुधारलेला प्रबंध परत लंडनला पाठवला. निष्कर्ष बदलले नाहीत. वर्ष संपायच्या आत पदवी मिळाली. एकदा परत आलेले काम दुसऱ्यांदा हाती घेणे हे पहिल्यांदा करण्यापेक्षा अवघड असते. माझ्या टेबलावर त्रुटी काढून परत आलेल्या फायलींचा गठ्ठा आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो.

आता महाडकडे येऊ, कारण उद्याचा रोग हा काही फक्त व्यक्तीला होत नाही, व्यवस्था तो हत्यारासारखा वापरते. 4 ऑगस्ट 1923 रोजी मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. 1924 मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर हक्क आला. पण तीन वर्षे एकही अस्पृश्य तळ्यावर गेला नाही, कारण सवर्णांची दहशत होती आणि सरकारला अंमलबजावणीची घाई नव्हती. ठराव करायचा आणि अंमल उद्यावर टाकायचा, ही मनुवाद्यांची जुनी पद्धत आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह उठले, तळ्याकडे चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. ठरावाला तीन वर्षे जे जमले नाही ते एका दुपारी झाले.

पण ह्याच महाडला त्यांनी थांबूनही दाखवले. डिसेंबर 1927 मध्ये दुसऱ्या वेळी हजारो लोक सत्याग्रहाला जमले असताना कोर्टाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. लोक तुरुंगात जायला तयार होते. 25 डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, तळ्याचा सत्याग्रह मात्र बाबासाहेबांनी स्थगित ठेवला आणि लढा कोर्टात नेला. 17 मार्च 1937 रोजी हायकोर्टाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. जवळजवळ दहा वर्षे! ह्या दहा वर्षांत तारखा चालू होत्या, पुरावे गोळा होत होते, एकही तारीख त्यांनी वाऱ्यावर सोडली नाही. जीपमधल्या त्या बांधवाला मी आज विचारले असते की, तुम्ही आईसाठी थांबला आहात असे म्हणता, तर थांबलेल्या दिवसांत आईशी बसून एकदा तरी बोललात काय?

नाशिकच्या लोकांना काळाराम मंदिराचा सत्याग्रह सांगायला नको. 2 मार्च 1930 ला सुरू झाला, कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी तो चार-पाच वर्षे अंगावर घेतला. लाठ्या, दगड, तुरुंग, गावागावांत बहिष्कार. 1934 च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी दादासाहेबांना पत्र पाठवून, मंदिरप्रवेशात शक्ती घालवण्यापेक्षा शिक्षण आणि राजकारणाकडे ती वळवावी असे कळवले. जे होणार नाही ते उगाच लांबवत ठेवायचे नाही, हीसुद्धा वेळेची किंमत ओळखण्याचीच रीत. आपल्याकडे बंद पडलेल्या किती समित्या नुसत्या लेटरहेडवर जिवंत आहेत ते पाहा.

आणि मग 13 ऑक्टोबर 1935, येवला. हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा झाली. त्या आधी अवघ्या साडेचार महिन्यांपूर्वी, 27 मे रोजी, रमाई गेल्या होत्या. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ती घोषणा पूर्ण झाली. वकिली भाषेत 21 वर्षे आणि 1 दिवस.

आता दिवसांचा हिशोब मागू. मे 1936 मध्ये मुंबईला महार परिषद घेतली आणि स्वतःच्या समाजाला आधी विचारले. शीख धर्माचा विचार करून झाला, त्यासाठी माणसे अमृतसरला पाठवली. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री. 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी. 29 ऑगस्ट 1947 ला मसुदा समिती नेमली गेली. तिच्यातले एक जण राजीनामा देऊन गेले, एक वारले, एक परदेशात, कोणी संस्थानांच्या कामात, कोणी प्रकृतीमुळे दिल्लीबाहेर, आणि भार एकट्या बाबासाहेबांवर आला, हे सभागृहातच टी. टी. कृष्णम्माचारींनी सांगितले आहे. मधुमेहाने शरीर पोखरलेले, पाय सुजलेले. मसुद्यावर 7,635 दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. त्यांना उत्तरे द्यायला हाच माणूस उभा राहत होता.

हिंदू कोड बिलाची कथा उलटी. तिथे त्यांची तयारी पूर्ण होती आणि सरकारची नव्हती. अधिवेशन संपत आले, पुढच्या अधिवेशनात घेऊ, निवडणुका होऊ द्या. शेवटी 27 सप्टेंबर 1951 रोजी त्यांनी मंत्रिपद फेकले. दुसऱ्याच्या टाळाटाळीत भागीदार व्हायचे नसेल तर खुर्ची सोडावी लागते. खुर्चीवर बसून आम्ही पाठपुरावा करतो आहोत असे सांगणारे आपले आजचे पुढारी ह्या तारखेला सहसा अभिवादन करत नाहीत.

आणि धम्म? तो ह्या सगळ्या काळात चालूच होता. 1907 मध्ये हाती आलेले ते बुद्धचरित्र आठवा. दादरच्या घराला नाव दिले राजगृह, तेही येवल्याच्या घोषणेच्या आधी. 1946 मध्ये मुंबईत कॉलेज काढले त्याचे नाव सिद्धार्थ. औरंगाबादला काढले त्याचे मिलिंद. 1948 मध्ये लक्ष्मी नरसूंच्या बौद्ध धर्मावरच्या ग्रंथाची नवी आवृत्ती स्वतः प्रस्तावना लिहून काढली. 1950 मध्ये श्रीलंका, 1954 मध्ये ब्रह्मदेश, त्याच वर्षी 25 डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना. 1955 मध्ये भारतीय बौद्ध महासभा. पाली शिकणे, बुद्ध आणि त्यांचा धम्म हा ग्रंथ लिहिणे, बावीस प्रतिज्ञा तयार करणे. लाखो माणसांना एका दिवसात दीक्षा द्यायची तर त्यांना उद्या सकाळी वाचायला काय देणार, लग्न-मरणाचा विधी कोणता देणार, संघटना कोणती देणार, ह्या प्रत्येकाची सोय आधी लागते. माझ्या मते तरी हा विलंब माफीचा अर्ज कोणत्याही कोर्टात मंजूर होईल. किंबहुना इथे विलंबच झालेला नाही.

आपल्या धम्मात ह्याला नेमका शब्द आहे, अप्पमाद. धम्मपदाचा एक अख्खा वग्ग त्यावर आहे. जागरूक राहणे, गाफील न राहणे. त्यात घाईला जागा नाही, आणि ढिलाईलाही नाही.

हे सगळे मी कोणत्या तोंडाने सांगतो, असे कोणी विचारील, म्हणून माझाही हिशोब देतो. वकिलीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक म्हातारी माझ्याकडे वतनाच्या जमिनीचा दावा हरून आली. अपिलाला 30 दिवस. नकलेचा अर्ज मला टाकायचा होता, पैसे तिने कमरेच्या पिशवीतून काढून दिले होते. आधी जयंतीची सभा आली, मग एका मोर्चाची तयारी, मग प्रचार. रोज रात्री फाईल डोळ्यांसमोर असायची आणि रोज मी म्हणायचो की समाजाचे काम आधी. मुदत टळून चाळीस दिवस झाले. विलंब माफीच्या अर्जात बाई आजारी होती असे लिही, असा सल्ला एका ज्येष्ठाने दिला. ते मी लिहिले नाही, पण वकिलाचा हलगर्जीपणा हे खरे कारणही लिहिले नाही. मोघम काहीतरी लिहिले. अर्ज फेटाळला गेला. ती बाई पुढेही कितीदा भेटली, दरवेळी हात जोडून जयभीम म्हणायची. जमीन गेली ती गेली. चळवळीच्या कामाचीच ढाल करून आपण हातातले काम टाळतो, हे मला तेव्हा कळले, आणि कार्यकर्त्यांना हा रोग सगळ्यांत जास्त होतो.

शेवटी 26, अलीपूर रोड, दिल्ली. 5 डिसेंबर 1956 ची रात्र. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते, नुकतेच काठमांडूहून आले होते. त्या रात्री त्यांनी नानकचंद रत्तूंकडून ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित कागद आणि आचार्य अत्रे व एस. एम. जोशी यांना लिहिलेल्या पत्रांचे मसुदे मागवून घेतले, हात फिरवायला. सकाळी माईसाहेबांनी पाहिले तेव्हा ते गेलेले होते. ग्रंथ 1957 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांचे बाकीचे लिखाण पेट्यांतून पडून राहिले. वीस वर्षे. 1976 मध्ये महाराष्ट्र शासनाने ते प्रकाशित करण्यासाठी समिती नेमली, वसंत मून यांनी जिवाचे रान केले, 1979 मध्ये पहिला खंड आला. हिंदू धर्मातील कोड्यांचा खंड यायला 1987 उजाडले आणि त्यावरही रस्त्यावर यावे लागले. पुढे छपाईच रखडली. नऊ लाख प्रतींचे ठरवून जेमतेम 33 हजार छापल्याची बातमी वर्तमानपत्रात आली, आणि डिसेंबर 2021 मध्ये मुंबई हायकोर्टाला त्या बातमीची स्वतःहून दखल घ्यावी लागली. सरकारला दोष दिलाच पाहिजे, आम्ही देतोही. पण आमच्या विहाराच्या कपाटात जे खंड आलेले आहेत त्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे हे मला अजून माहीत नाही. विचारायचे गेल्या वर्षापासून राहिले आहे. हा लेख कार्यालयात पोहोचवला की त्याच वाटेवर विहार लागते.